ओळंबा आणि पाठीचा कणा



"ताठ बस. पोक काढू नकोस." ही दोन वाक्यं ज्याच्या कानावर कधी पडली नाहीत असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या पिढीला ती आईने ऐकवली, शाळेतल्या मास्तरांनी ऐकवली आणि मुंजीत गुरुजींनीही ऐकवली. इथे जन्मलेल्या तुम्हा तरुण मंडळींना शुभंकरोती पाठ असो वा नसो, ही दोन वाक्यं मात्र अस्सल मराठीतच ऐकावी लागली असणार.

पण ताठ म्हणजे किती ताठ? विशीतल्या मुलीचा ताठपणा आणि तिच्या पंच्याहत्तरीच्या आजीचा ताठपणा एकच असायला हवा का? पुरुषाची आणि बाईची पाठ एकाच पट्टीने मोजायची का? आणि ती पट्टी कोणी तयार केली, कोणाची पाठ मोजून? या प्रश्नांची उत्तरं शोधताना मला एक चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सापडला. त्यातला मोठा भाग आपण राहतो त्या अमेरिकेतच घडला आहे, म्हणून तो या अंकात सांगावासा वाटला.

आधी एक खुलासा. मंडळात मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, आणि दर गणपतीला निदान एकजण आपल्या गुडघ्याबद्दल विचारतो. माझी डॉक्टरेट यंत्रशास्त्रातली. खांब, तुळया आणि कमानी यांच्यावर भार कसा येतो हे मी जन्मभर शिकवलं. तेव्हा पाठ दुखत असेल तर माझ्याकडे येऊ नका. वाकलेला खांब का पडत नाही हे विचारायचं असेल तर जरूर या.

तर, कणा. समोरून पाहिला तर तो ओळंब्यासारखा सरळ दिसायला हवा. बाजूने पाहिला तर मात्र तो सरळ नसतोच. मानेत तो पुढे झुकतो, छातीमागे मागे फुगतो, कमरेत पुन्हा पुढे येतो. या वळणांना आजही डॉक्टर जी नावं देतात, लॉर्डोसिस आणि कायफोसिस, ती गॅलेन या दुसऱ्या शतकातल्या वैद्याने वापरलेली आहेत. एका बाजूला कललेल्या कण्याचं स्कोलिओसिस हे नावही त्याचंच. आपण सोयीसाठी छातीमागच्या फुगवट्याला पोक आणि कमरेतल्या खोलगटपणाला बाक म्हणू.

गंमत अशी की जन्मतः हा बाक नसतोच. पोटातल्या बाळाचा कणा एकाच धनुष्यासारखा वळलेला असतो. बाळ मान धरायला लागलं की मानेचं वळण तयार होतं, आणि उभं राहून चालायला लागलं की कमरेचं. म्हणजे ज्याला आपण 'नैसर्गिक' आकार म्हणतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत कमावलेला असतो. जे कमावलेलं असतं ते पुढे बदलूही शकतं, ही साधी गोष्ट पण ती वैद्यकशास्त्राच्या पचनी पडायला फार वेळ लागला.

वेळ लागण्याचं एक कारण नावातच आहे. निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली मुलांच्या शरीरातली व्यंगं कशी टाळावीत यावर एक ग्रंथ लिहिला आणि 'सरळ' व 'मूल' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'ऑर्थोपेडिक' हा शब्द घडवला. त्यात वाकड्या रोपट्याला सरळ खुंटाशी दोरीने बांधल्याचं चित्र आहे. तेच चित्र आज जगभरातल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संस्थांचं बोधचिन्ह आहे. म्हणजे या शास्त्राचा आदर्श पहिल्यापासून लहान मूल हा होता, आणि उपाय बांधून सरळ करणं हा.

आता अमेरिकेत येऊ. १८९२ साली न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंडचं स्थलांतर केंद्र सुरू झालं. बोटीतून उतरलेली माणसं सामान घेऊन जिना चढत असताना सरकारी डॉक्टर त्यांच्याकडे बघत उभे असत. एकेकाला काही सेकंदच मिळत. कोणी लंगडतोय, कोणाला धाप लागते, कोणाची पाठ वाकलेली आहे, असा संशय आला की त्याच्या कोटावर खडूने एक अक्षर लिहिलं जाई आणि त्याला पुढच्या तपासणीसाठी बाजूला काढलं जाई. पाठीसाठी 'बी' हे अक्षर होतं. आपण सगळे विमानाने आलो, बहुतेकजण १९६५च्या कायद्यानंतर, हातात पदव्यांची भेंडोळी घेऊन. आपल्या कोटावर कोणी खडू चालवला नाही. पण वाकलेली पाठ म्हणजे कामाला निरुपयोगी माणूस, हे समीकरण या देशात आपल्या आधी येऊन बसलेलं होतं.

पुढच्या पंचवीस वर्षांत ते घरोघरी पोचलं. जेसी बँक्रॉफ्ट या न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाचं काम पाहणाऱ्या बाई होत्या. त्यांनी १९१३ साली शाळकरी मुलांच्या उभं राहण्या-बसण्यावर पुस्तक लिहिलं आणि १९१४ साली 'अमेरिकन पॉश्चर लीग' स्थापन झाली. मुलाच्या बाजूला एक उभी सरळ रेषा धरायची. डोकं, धड आणि पाय तिच्याशी जुळले तर मूल पास, नाहीतर नापास. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा मुलांना ओळंबा. या चळवळीत डॉक्टर होते, शिक्षक होते, आणि खुर्च्या, बूट, कपडे बनवणाऱ्यांचीही त्यात गोडी होती.

मग मोजमापं सुरू झाली. लॉइड ब्राउन या डॉक्टरांनी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तपासलं आणि १९१७च्या सुमारास निष्कर्ष जाहीर झाला की त्यातल्या जवळजवळ ८० टक्के मुलांची ठेवण वाईट आहे. महायुद्धाचे दिवस होते. देशातली निवडक तरुण मुलं अशी पोक काढून उभी राहत असतील तर लढणार कोण, अशी हाकाटी झाली.

इथे जरा थांबा आणि विचार करा. तुम्ही शंभर तरुण, धडधाकट मुलं मोजलीत आणि त्यातली ऐंशी नापास झाली, तर चूक मुलांची की परीक्षेची? माझ्या वर्गात असा निकाल लागला असता तर विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं असतं. पण त्या वेळी परीक्षेवर कोणी फारसा संशय घेतला नाही. उलट देशभरच्या कॉलेजांतून ही तपासणी सक्तीची होत गेली.

त्याचा पुढचा अध्याय वाचताना अंगावर काटा येतो. हार्वर्ड, येल, व्हासार, स्मिथ, वेलस्ली अशा नामांकित ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचे 'पॉश्चर फोटो' काढण्याची प्रथा पडली. बऱ्याच ठिकाणी अंगावर एकही कपडा न ठेवता, समोरून, बाजूने आणि मागून. येलमध्ये तर कण्याची रेषा दिसावी म्हणून पाठीवर धातूच्या बारीक पिना चिकटवत. १९६०च्या दशकापर्यंत हे चालू होतं. विल्यम शेल्डन नावाच्या संशोधकाने अशा फोटोंवरून शरीराची ठेवण पाहून माणसाचा स्वभाव ओळखण्याचं एक शास्त्र उभं केलं, जे पुढे कोणीच खरं मानलं नाही. १९९५ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत या प्रकरणावर मोठा लेख आला तेव्हा लोक हादरले, आणि उरलेसुरले अनेक फोटो नष्ट करण्यात आले. आज आपली मुलंबाळं त्याच कॉलेजांत शिकतात, म्हणून हे त्यांनाही ठाऊक असावं.

लाजिरवाणेपणा बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. एवढे हजारो फोटो काढून 'नॉर्मल' म्हणून जे हाती आलं ते कोणाचं नॉर्मल होतं? अठरा-एकोणीस वर्षांच्या, बहुतेक गोऱ्या, खात्यापित्या घरच्या मुलामुलींचं. चाळिशीची बाई त्यात नव्हती, साठीचा शेतकरी नव्हता. आपल्यासारखे तर औषधालाही नव्हते.

आणि आपल्याकडे काय चाललं होतं? त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार घालून घेत होते आणि सूर्यनमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनांच्या वेळी शरीरात काय होतं हे पाहण्यासाठी चक्क एक्स-रे यंत्राची मदत घेतली. मला या दोन्ही गोष्टींचा अभिमान आहे. पण ताठपणाला नीतीचा वास आपल्याकडेही होताच, हे मान्य करायला हवं. 'कणा नसलेला माणूस' ही शिवी आपल्याच भाषेतली आहे. फरक इतकाच की आपल्याकडे व्यायाम आधी होता आणि मोजपट्टी नंतर आली. इथे मोजपट्टीच आधी आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सूत्रं कवायत-मास्तरांच्या हातून शस्त्रवैद्यांच्या हाती गेली. १९४८ साली न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी एक्स-रेवर दोन रेघा ओढून कण्याच्या वळणाचा कोन काढायची सोपी रीत सांगितली. आजही जगभर 'कॉब अँगल' याच नावाने तो कोन मोजतात. फोटोतल्या अंदाजाच्या जागी आता अंश आले. इंजिनिअरला बरं वाटावं अशी ही प्रगती होती.

पण आकडा आला म्हणजे शहाणपण येतंच असं नाही. ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन नावाचे सर्जन होते. त्या काळात पोलिओची साथ दर उन्हाळ्यात येई, आणि त्यातून वाचलेल्या कित्येक मुलांचे कणे एका बाजूला पिळून कोसळत. फुप्फुसं दबली जात. प्लास्टरच्या साच्याने ते थांबत नसे. हॅरिंग्टन यांनी पोलादाची सळई आणि दोन आकडे अशी युक्ती काढली. एक आकडा वर अडकवायचा, एक खाली, आणि मोटारीचा जॅक लावावा तसं मधलं अंतर ताणत न्यायचं. कणा सरळ होई. १९६२ साली त्यांनी ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली आणि पुढची वीसेक वर्षं ती जगभर वापरली गेली. पोलिओ लशीने हटला, पण कारण न कळता वयात येताना ज्यांचा कणा वळतो अशी मुलं, त्यांतही मुली जास्त, या सळईवरच उभ्या राहिल्या. अनेकांचा जीव यामुळे वाचला, हे विसरून चालणार नाही.

ती सळई मात्र सरळ होती, आणि बाजूने पाहता कमरेला बाक असायला हवा असतो. जिथे सळई कमरेत खालपर्यंत नेली गेली तिथे समोरून कणा सुरेख सरळ दिसे, पण बाजूने पाहिला तर बाकच नाहीसा झालेला, पाठ फळीसारखी सपाट. तरुणपणी ते भागून जाई. पुढे सळईखालचे उरलेसुरले मणके झिजू लागले की ती माणसं कमरेतून पुढे कलू लागत. सरळ उभं राहायचं तर गुडघे वाकवावे लागत, मांड्या भरून येत, संध्याकाळपर्यंत जीव थकून जाई. १९७०च्या दशकात याला 'फ्लॅटबॅक' असं नाव मिळालं. विचार करा, ज्या मुलीला चौदाव्या वर्षी 'सरळ' केलं तीच चाळिशीत सरळ उभी राहू शकत नाही. समोरच्या ओळंब्यावर सगळं लक्ष होतं आणि बाजूचा ओळंबा कोणी धरलाच नव्हता.

बाजूचा ओळंबा धरणारे लोक मुख्यतः फ्रान्समध्ये निघाले. पॅरिसचे झाँ द्यूबूसे यांनी कण्याकडे तिन्ही मितींत बघायला शिकवलं. त्यांची एक कल्पना मला फार आवडते. माणूस उभा असतो तेव्हा तो स्थिर नसतो. पायांच्या टेकूवर उलट्या शंकूच्या आत तो सतत किंचित डोलत असतो. शंकूच्या मधोमध असताना स्नायूंना अगदी कमी कष्ट पडतात. कडेला गेलं की प्रत्येक क्षणाला मेहनत. म्हणून ताठपणाची कसोटी रेघ नव्हे, खर्च. कमीत कमी शक्तीत उभं राहता आलं की तुमची ठेवण तुमच्यापुरती उत्तम.

दुसरी मोठी गोष्ट जिनेट द्यूव्हाल-बोपेर या बाईंनी १९९२ साली मांडली. ती थोडी समजावून सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. कणा हा खांब धरला तर त्याचा पाया म्हणजे पेल्व्हिस, कमरेचं ते मोठं वाडग्यासारखं हाड. त्याच्या ज्या भागावर कणा टेकतो तो पृष्ठभाग सपाट नसतो, पुढे उतरता असतो. तो किती उतरता आहे आणि खुब्याच्या सांध्यांपासून किती मागे आहे, हे दोन्ही मिळून एक कोन तयार होतो. वाढ पूर्ण झाल्यावर हा कोन जवळजवळ कायम राहतो. अंगठ्याच्या ठशासारखा तो ज्याचा त्याचा. आणि तो माणसामाणसांत केवढा वेगळा असावा? सरासरी पन्नास अंशांच्या आसपास, पण निरोगी माणसांतच कोणाचा पस्तीस तर कोणाचा ऐंशी. ज्याचा पाया जास्त उतरता त्याला कमरेत जास्त बाक लागतो, नाहीतर तो पुढे पडेल. ज्याचा पाया कमी उतरता त्याची कंबर सपाट दिसणं हेच बरोबर. २००५ साली ल्योंचे पियेर रुसूली यांनी १६० निरोगी माणसं तपासून कमरेच्या ठेवणीचे चार प्रकार केले, आणि चारही नॉर्मल. हार्वर्डची ती ८० टक्के मुलं आठवतात ना? त्यांतल्या कित्येकांचा पायाच तसा असणार.

मग वयाचं काय? इथे खरी अडचण अशी होती की निरोगी माणसाला केवळ मोजमापासाठी एक्स-रेचा मारा करणं बरं नव्हे. त्यामुळे दुखणाऱ्या पाठींची माहिती भरपूर आणि न दुखणाऱ्या पाठींची तोकडी. १९८० साली एका अमेरिकन अभ्यासात ३१६ निरोगी माणसांच्या छातीमागचा पोक मोजला गेला, लहान मुलांपासून सत्तरीच्या पुढच्यांपर्यंत. दिसलं ते असं की पोक वयाबरोबर वाढतो, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा लवकर वाढतो. तरुणांमध्ये वीस ते चाळीस अंश हा नेहमीचा पल्ला. पण पंचावन्न ते साठ वयाच्या बायकांची सरासरीच त्रेचाळीस अंशांच्या आसपास येते, आणि शहात्तर ते ऐंशीमध्ये बावन्नच्या. म्हणजे चाळीस ही कमाल मर्यादा धरली तर साठीची सरासरी बाईच 'आजारी' ठरते.

नंतर जॉर्ज शार्पाक या भौतिकशास्त्रज्ञाच्या कणशोधक यंत्रावरून (त्याला १९९२चं नोबेल मिळालं) पॅरिसमध्ये एक नवं एक्स-रे यंत्र तयार झालं. त्यात उभ्या माणसाचं डोक्यापासून पावलापर्यंतचं चित्र एकदम मिळतं, तेही अगदी कमी किरणांत. आता निरोगी माणसं मोजता येऊ लागली, आणि नुसता कणाच नव्हे तर त्याखालचे खुबे-गुडघेही.

त्यातून जे चित्र उभं राहिलं ते तुम्ही तुमच्या घरात पाहिलेलं आहे. वय वाढतं तशा मणक्यांमधल्या चकत्या पातळ होतात आणि कमरेचा बाक हळूहळू उतरतो. वरचा पोक वाढतो. धडाचा भार पुढे सरकतो. शरीर मग तडजोडी करतं: आधी पेल्व्हिस मागे फिरवतं, मग गुडघे किंचित वाकवतं, मान मागे नेऊन नजर समोर ठेवतं. नजर समोर राहिलीच पाहिजे, त्यासाठी बाकी सगळे सांधे राबतात. आजी ओट्याला एक हात टेकवून फोडणी देते, इंडियन ग्रोसरीत सामान एवढंसं असलं तरी कार्टच घेते, तेव्हा ती आपला शंकू सांभाळत असते. हे आजार नव्हे. हे उत्तम स्थितिशास्त्र आहे. मी परीक्षेत याला पैकीच्या पैकी दिले असते.

बायकांच्या बाबतीत निसर्गाने आणखी एक सोय केलेली आहे. २००७ साली कॅथरीन व्हिटकम, लायझा शपीरो आणि हार्वर्डचेच डॅनियल लीबरमन यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की कमरेचा बाक घडवणारे पाचराच्या आकाराचे मणके पुरुषांत दोन तर बायकांत तीन असतात. पोटात बाळ वाढतं तेव्हा भार पुढे जातो. बाईला मागे रेलून तो पेलता यावा म्हणून ही व्यवस्था. लाखो वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांच्या हाडांतही हा फरक त्यांना दिसला. ज्या विद्यापीठाने एकेकाळी सगळ्यांना एक ओळंबा लावला, तिथूनच नव्वद वर्षांनी हे यावं!

रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होतात हे बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४०च्या सुमारास मांडलं, आणि तेव्हापासून म्हातारीचा पोक म्हणजे मोडलेले मणके असं समजलं जातं. तेही अर्धसत्य. डेबोरा काडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली आढावा घेतला तेव्हा खूप पोक असलेल्यांमध्येही साधारण एक तृतीयांशांच्याच मणक्यांत मोड दिसते असं आढळलं. बाकीच्यांचा पोक चकत्यांमुळे, स्नायूंमुळे. पण मोड असेल तर ती शोधायलाच हवी. वयानुसार बदल होतो म्हणून सगळंच सोडून द्यायचं असा याचा अर्थ काढू नका. उंची दीड इंचाहून जास्त घटली असेल, किंवा काही विशेष न होता पाठीत एकाएकी कळ आली असेल, तर डॉक्टर गाठायचाच. पासष्ट ओलांडलेल्या प्रत्येक बाईने हाडांची घनता मोजून घ्यावी असं या देशाच्या आरोग्यतज्ज्ञांचं अधिकृत मत आहे. आपल्या बायका पोरांच्या तपासण्या बरोबर करून घेतात, स्वतःची मात्र 'बघू नंतर'.

एवढं सगळं कळल्यावरसुद्धा मोठ्या शस्त्रक्रियांत ध्येय तरुण पाठीचंच ठेवलं जाई. २०१२ साली ठरलेल्या वर्गवारीत काही ठराविक आकडे होते, म्हणजे मानेपासून सोडलेला ओळंबा चार सेंटीमीटरहून जास्त पुढे नको, वगैरे. आणि ते सगळ्या प्रौढांना सारखेच. मग सत्तरीच्या माणसाला तिशीइतकं सरळ केलं की स्क्रू जिथे संपतात त्याच्या वरचा मणका खचून नवा पोक येई. कण्याने आपली जुनी ठेवण परत मिळवायचा प्रयत्न करावा तसं. २०१६ साली न्यूयॉर्कच्या रेनो लाफाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, शस्त्रक्रियेचं ध्येय वय बघून ठरवायला नको का? त्यांच्या हिशोबाने पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसाचा ओळंबा जवळजवळ आठ सेंटीमीटर पुढे असला तरी ते त्याच्या वयाला साजेसं आहे. २०१६! पॉश्चर लीगनंतर एकशेदोन वर्षांनी.

याचा तुमच्या-माझ्याशी संबंध असा. हल्ली तपासणीचा निकाल डॉक्टरांच्या आधी आपल्या फोनवर येऊन पडतो. त्यात लिहिलेलं असतं, नॉर्मल बाक कमी झाला आहे, पोक वाढला आहे. मंडळातल्या दोघा-तिघांनी असे कागद मला आणून दाखवले आहेत, चेहरे पांढरेफटक. त्यात 'नॉर्मल' हा शब्द असतो, पण कोणत्या वयाचं नॉर्मल ते लिहिलेलं नसतं. डॉक्टरांना तेवढंच विचारा: माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या बाईच्या किंवा पुरुषाच्या मानाने हे कसं आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना सकाळ-संध्याकाळ 'ताठ चाला' म्हणून टोकणाऱ्या मंडळींनी तर आधी त्यांच्याबरोबर चालायला जावं. चालणं आणि पाठीच्या स्नायूंचा व्यायाम यांचा उपयोग कोणत्याही वयात होतो. टोकण्याचा होत नाही.

राहता राहिला आपला प्रश्न, 'माझ्यासारखा' म्हणजे कोण? अलीकडे पाच देशांतल्या ४६८ निरोगी माणसांना त्या नव्या यंत्रात उभं करून एक मोठा अभ्यास झाला. अमेरिका, फ्रान्स, जपान, सिंगापूर आणि ट्युनिशिया. वय, लिंग आणि वंश या तिन्हींप्रमाणे नॉर्मल कसं बदलतं हे पाहण्यासाठीच तो आखला होता. हार्वर्डच्या पोरांपासून इथपर्यंत केवढा पल्ला झाला पाहा. यादीत भारत मात्र नाही. भारतातल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या निरोगी माणसांची स्वतंत्र मोजमापं घ्यायला सुरुवात केली आहे, आणि पायाचा तो कोन आपल्याकडेही पन्नाशीच्या जवळपासच येतो असं त्यांतल्या काहींवरून दिसतं. अमेरिकेत चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या, इथल्या खुर्चीत बसून आणि इथलं दूध पिऊन म्हाताऱ्या झालेल्या मराठी माणसाचा कणा यांपैकी कोणत्या रकान्यात बसवायचा?

त्या पाच देशांच्या अभ्यासात माणसं अठरा ते ऐंशी वयाची होती. आपल्या मंडळात ऐंशी ओलांडलेली मंडळी दिवाळीच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असतात, आणि राष्ट्रगीताला सगळ्यांच्या आधी उभी राहतात. त्या तक्त्यात त्यांच्यासाठी अजून ओळ नाही.